एका चेहऱ्यासाठी खिशात जाणारा हात यादीपाशी का थांबतो?

गेल्या रमजानची गोष्ट. तरावीह पढून मोबाईल हातात घेतला. आमच्या जुळे सोलापूरच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन मेसेज येऊन पडले होते. पहिला व्हिडिओ होता. दूरच्या कुठल्यातरी शहरातला चार-पाच वर्षांचा मुलगा, नाकात नळी, शेजारी त्याची अम्मी ओढणी तोंडावर धरून रडतेय, खाली क्यूआर कोड. दुसरा मेसेज म्हणजे नुसती यादी. आपल्याच भागातली चाळीसेक घरं. इज्जतीचा विचार करून नावं दिली नव्हती, एकेका घराची एकेक ओळ होती. 'विधवा, विडीचं काम, तीन मुलं, चार महिन्यांचं भाडं थकलंय.' 'पॉवरलूम बंद, म्हातारे आईवडील, शुगरची औषधं.' असं खालपर्यंत.

व्हिडिओखाली रात्रभर 'भेज दिया', 'अल्लाह शिफा दे' आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट येत राहिले. यादीखाली दोन 'जजाकल्लाह' आणि दुआसाठी उचललेल्या हातांचं एक चित्र. मीसुद्धा तेच केलं. व्हिडिओतल्या मुलाला पाचशे रुपये पाठवले आणि यादी अंगठ्यानं वर सरकवून टाकली.

ईदची सुट्टी संपली तरी माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा शाळेत आला नाही. आठवड्याभरानं त्याच्या घरी गेले. तो गॅरेजवर कामाला लागला होता. त्याची अम्मी विड्या वळता वळता म्हणाली, "टीचर, भाडा चार म्हैने का रुका था. मालक रोज दरवाजे पे आता था. मैं बोली, जा बाबा, कुछ दिन काम कर." मला यादीतली ती ओळ आठवली. ती ओळ यांचीच होती का, हे मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. मी काही दगडदिल बाई नाही, ग्रुपवरचे लोकही नाहीत. मग हजार किलोमीटरवरच्या अनोळखी मुलासाठी आपले डोळे भरून येतात आणि दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीस घरांसाठी काहीच का होत नाही? बीएडला मानसशास्त्राचा पेपर होता म्हणून थोडं वाचायची सवय आहे. या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं, की नेमक्या याच प्रश्नावर जगात बरंच संशोधन झालेलं आहे.

रोकियाची गोष्ट

सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला, 2007 साली प्रसिद्ध झालेला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोव्हिक हे तिघे संशोधक. त्यांनी काही लोकांना एक साधा फॉर्म भरायला दिला आणि त्याचा मोबदला म्हणून पाच डॉलर हातात ठेवले. सोबत एक पाकीट दिलं. आफ्रिकेतल्या भुकेल्या मुलांसाठी यातलं काही द्यायचं असेल तर द्या, असं सांगितलं.

काही जणांच्या कागदावर आकडे होते. मलावीत 30 लाखांहून जास्त मुलांना अन्न कमी पडतंय, इथिओपियात 1 कोटी 10 लाख लोकांना मदत हवी आहे, वगैरे. दुसऱ्या गटाच्या कागदावर एकाच मुलीचा फोटो होता. माली देशातली सात वर्षांची रोकिया. (नाव ऐकून लगेच लक्षात येईल, ही आपली रुकैयाच.) आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. रोकियाला पाहणाऱ्यांनी 2.38 डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त.

मला गंमत वाटली ती तिसऱ्या गटाची. त्यांना रोकियाचा फोटोही दाखवला आणि आकडेही दिले. आपल्याला वाटेल, या गटानं सगळ्यात जास्त दिलं असेल. चेहराही दिसला आणि संकट किती मोठं आहे तेही कळलं. पण त्यांनी दिले 1.43 डॉलर. आकडे शेजारी येऊन बसले आणि रोकियासाठी हललेलं मन पुन्हा थंड झालं.

स्लोव्हिक आणि स्वीडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आणखी पुढे नेलं. त्यांच्या 2014 सालच्या अभ्यासात दिसलं, की मन थंड व्हायला लाखोंचा आकडा लागतच नाही. एका मुलाशेजारी दुसरं मूल उभं केलं तरी कळवळा कमी व्हायला लागतो. एक चेहरा म्हणजे एक माणूस, दोन चेहरे म्हणजे 'केस', आणि चाळीस ओळी म्हणजे यादी. आपल्या मनाचा हिशेब असा उलटा चालतो. वर्गात मी गणित शिकवते तेव्हा चाळीस हे एकाच्या चाळीस पट असतात. हमदर्दीच्या गणितात ते एकापेक्षाही कमी भरतात.

असं का, याची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. एक सोपं आहे. मन चित्रावर चालतं. एका मुलाचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, त्याच्या जागी आपलं मूल ठेवून पाहता येतं. चाळीस घरांचं चित्र उभं राहत नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं. एका मुलाच्या ऑपरेशनला पैसे दिले की काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटतं. यादीसमोर पाचशे रुपये ठेवले की वाटतं, एवढ्यानं काय होणार? स्लोव्हिक यांच्या अभ्यासांत हेही दिसलं आहे. ज्यांना आपण मदत करू शकत नाही त्यांची आठवण करून दिली, की ज्याला करू शकतो त्याला देतानाचा आनंदही ओसरतो. त्या एका मुलाची गरज तेवढीच असते, आपले पैसेही तेवढेच असतात, तरी हात आखडतो.

आणि तिसरं, ज्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही. दुसऱ्याचं दुःख बघून आपल्यालाच त्रास होतो. जर्मनीतल्या टानिया सिंगर यांनी मेंदूचा अभ्यास करताना दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. समोरच्याचं दुखणं स्वतःच्या अंगात जाणवणं ही एक, आणि त्याचं भलं व्हावं म्हणून जीव ओढणं ही दुसरी. पहिलीच जास्त झाली तर माणूस थकतो, नजर फिरवतो. ग्रुपवर रोज पाच रडणारे व्हिडिओ आले की सहाव्या दिवशी आपण ग्रुप म्यूट करतो, ते यामुळेच. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आधीपासून आहेत. 'हमदर्दी'त 'हम' म्हणजे सोबत, दुखण्यात सोबत. 'रहम' मात्र अरबीत आईच्या उदराच्या शब्दाशी एका मुळाचा आहे. तिथे नुसतं दुखत नाही, तिथे सांभाळणं आहे.

किल्लारीचं गाठोडं

यात सगळा दोष मोबाईलचा आहे असं कुणाला वाटेल, म्हणून जुनी आठवण सांगते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनानंतर लोक नुकते झोपले होते. चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं जमीनदोस्त झाली, आठ-दहा हजार माणसं गेली. सोलापूरलाही हादरा जाणवला. मी लहान होते, अब्बांनी आम्हाला झोपेतून उचलून अंगणात आणल्याचं आठवतं. जखमींना सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आणत होते आणि गल्लीगल्लीतून मदत गोळा होत होती. कोण कुठल्या जातीचा, कोण कुठल्या धर्माचा, असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या घरातून कपड्यांचं गाठोडं गेलं. त्यात माझा एक फ्रॉक होता, चेन तुटलेला, मला होत नसलेला. तो देताना मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. आज शिक्षिका म्हणून विचार करते, तर तो फ्रॉक कुणी घातला असेल असं वाटत नाही. मी तो कुणाला हवा म्हणून दिला नव्हता, द्यावंसं वाटत होतं म्हणून दिला होता. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी या भावनेला नाव दिलंय, त्याचा मराठीत अर्थ होतो 'उबदार चमक'. दिल्यावर छातीत जी ऊब येते ती. ही ऊब वाईट नाही. कॅनडात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर खर्चायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, आणि पाच दिले की वीस, यानं फरक पडला नाही.

गडबड होते ती फक्त ऊब बघून दिलं की. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे पोहोचले आणि त्यातले कितीतरी रस्त्याच्या कडेला ढिगानं पडून राहिले. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेनं ते कपडे उचलून, निवडून, पुन्हा वापरात आणण्याचं मोठं काम केलं. माझ्या फ्रॉकसारखे किती फ्रॉक त्यात असतील.

मन आपलं कुणाला मानतं?

चेहऱ्याइतकीच दुसरी एक गोष्ट मनावर चालते. समोरचा 'आपला' आहे की नाही. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल टीमच्या चाहत्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं. वाटेत एक तरुण धावताना पाय घसरून पडायचा. हे अर्थात ठरवलेलं होतं. कधी त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असायचा, कधी हाडवैरी लिव्हरपूलचा, कधी साधा. मँचेस्टरच्या शर्टवाल्याला बहुतेकांनी उचललं, बाकीच्यांकडे बहुतेकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या वेळी संशोधकांनी एकच बदल केला. आधी त्या चाहत्यांशी 'फुटबॉलचे चाहते' म्हणून गप्पा मारल्या, एका टीमचे म्हणून नाही. आता लिव्हरपूलचा शर्टवालाही 'आपला' झाला आणि त्यालाही हात मिळाला. साधा शर्टवाला मात्र तसाच पडून राहिला.

मला हा प्रयोग आपल्या इचलकरंजीसाठी आठवतो. 2020 च्या रमजानमध्ये लॉकडाऊन होतं, ईदची खरेदी नव्हती. तिथल्या मुस्लिम समाजानं 36 लाख रुपये जमवले आणि शहरातल्या इंदिरा गांधी सरकारी रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी, 25 मे रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ऑनलाईन उद्घाटन झालं. त्या खाटेवर कोण झोपणार हे देणाऱ्याला माहीत नव्हतं. कुठला फोटो नव्हता, रोकिया नव्हती. व्हेंटिलेटरला चेहरा नसतो. तरी पैसे आले.

का आले असतील? माझा अंदाज सांगते. त्या दिवसांत भीती सगळ्यांची एक होती, म्हणजे शर्ट एकच होता. काम ठरलेलं होतं, मोजता येणारं, 10 खाटा. ते आपल्याच गावात डोळ्यांसमोर उभं राहणार होतं. आणि पैसे मागणारी माणसं ओळखीची होती. म्हणजे चेहरा नसतानाही मन उघडतं, पण त्याला काहीतरी धरायला लागतं. आमच्या ग्रुपवरच्या यादीत धरायला काहीच नव्हतं. किती घरांना किती हवेत, कुणाकडे द्यायचे, कधीपर्यंत, काहीच लिहिलेलं नव्हतं.

शिकवलं तर हात आखडतो?

आता एक गोष्ट, जी वाचून मी हा लेख लिहू की नको अशा विचारात पडले होते. रोकियाच्या अभ्यासात संशोधकांनी आणखी एक करून पाहिलं. काही लोकांना आधीच समजावून सांगितलं, की बघा, माणसं एका चेहऱ्याला जास्त देतात आणि आकड्यांना कमी. वाटलं होतं, हे कळल्यावर लोक आकड्यांनाही जास्त देतील. तसं झालं नाही. आकड्यांचं दान होतं तेवढंच राहिलं आणि रोकियाचं दान मात्र घटलं. शहाणपण आलं आणि पाकीट हलकं झालं.

म्हणजे नुसती माहिती देऊन भागत नाही. उलट 'सगळा भावनांचा खेळ आहे' असं म्हणत हात बांधून बसायला चांगलं कारण मिळतं. असे लोक तुमच्याही खानदानात असतील. व्हिडिओला देत नाहीत, कारण तो खोटा असू शकतो. यादीला देत नाहीत, कारण कोण पडताळणार.

इथे मला जकातीची रचना नव्यानं कळायला लागली. लहानपणापासून आपण ती फर्ज म्हणून शिकतो, पण मनाच्या बाजूनं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जकात तुम्हाला रडू येतंय का, हे विचारत नाही. निसाबाइतका माल आहे का, चांद्र वर्ष पुरं झालं का, एवढंच विचारते, आणि अडीच टक्के बाजूला काढायला लावते. देणं किती, हे कुणाचाही चेहरा समोर येण्याआधीच ठरलेलं असतं. मग प्रश्न उरतो कुणाला द्यायचं. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हकदार आलेत. त्यात कर्जात बुडालेला आहे, वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. या लोकांचा रडवणारा व्हिडिओ बनत नाही. कर्जदाराचा फोटो काढला तर तो आपल्यासारखाच दिसतो.

त्याच आठ जणांत जकात गोळा करणारे, वाटणारेही आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, दिलेला रुपया पूर्णच्या पूर्ण गरिबाच्या हातात पडला पाहिजे, मध्ये कुणाचा पगार, कुणाचं पेट्रोल नको. ही चिडही संशोधनात दिसली आहे. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांच्या 2014 सालच्या अभ्यासात, कारभाराचा खर्च दुसऱ्या कुणी आधीच उचललाय असं सांगितल्यावर लोकांनी जास्त दान दिलं. पण घरोघरी जाऊन खरी गरज कुणाची हे पडताळायचं असेल तर त्या माणसाचा दिवस मोडतो. तो खर्च कुणीतरी द्यायलाच हवा.

आणि सूरह बकरात अशा गरजवंतांचं वर्णन आहे जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला ते सुखवस्तू वाटतात. उर्दूत आपण त्यांना सफेदपोश म्हणतो. त्या मुलाची अम्मी तशीच. पालक सभेला इस्त्रीचा बुरखा घालून यायची. मला चार महिन्यांत काही कळलं नव्हतं.

फोटो काढायचा की नाही

मग चेहरे दाखवूनच पैसे जमतात तर फोटो टाकावेत का? या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट आहेत. एक बाजी म्हणतात, मुलांच्या पोटात अन्न जातंय ना, मग फोटोनं काय झिजतं. माझं मत वेगळं आहे, कारण मी वर्गात असते. रेशन किट घेतानाचा अम्मीचा फोटो ग्रुपवर फिरला की तो वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर यायला एक मधली सुट्टी पुरते. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात एका मुलीला मैत्रिणींनी 'किटवाली' म्हटलेलं मी ऐकलं आहे. त्यानंतर ती डबा उघडायची नाही. दान उघड दिलं तरी चांगलं, लपवून दिलं तर तुमच्यासाठी जास्त चांगलं, अशी आपली शिकवण आहे. आणि देऊन वर उपकाराची जाणीव करून देऊन दुखावलं तर ते दान वाया जातं, हेही सांगितलंय. फोटो म्हणजे कायमची राहणारी जाणीवच आहे.

पण चेहरा आणि फोटो या दोन गोष्टी एक नाहीत. मनाला लागतो तो एक माणूस, त्याची एक खरी तपशीलवार गोष्ट. ती फोटोशिवाय आणि नावाशिवाय सांगता येते. हे आम्ही ईदनंतर करून पाहिलं. यादी करणारे जे भाई आहेत त्यांच्याशी बोलले. आता महिन्याला ग्रुपवर चाळीस ओळी जात नाहीत, एकच घर जातं. गल्ली सांगत नाही, मुलांची शाळा सांगत नाही. 'एक अम्मी रोज हजार विड्या वळण्याचा प्रयत्न करते, बोटांना आता जमत नाही. भाड्याचे सहा हजार हवेत, पाच तारखेपर्यंत. दोन हजार जमले आहेत.' रक्कम पुरी झाली की तसं लिहितात आणि तो विषय बंद होतो. पुढच्या महिन्यात दुसरं घर. लोक देतात. व्हिडिओइतका वेग नाही, पण देतात.

यादी भाईंच्या वहीत आहेच. तिच्यासाठी आम्ही काही शिक्षकांनी दुसरी सोय केली. पगाराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यातून तीनशे रुपये आपोआप जातात. ही रक्कम जकातीत धरत नाही, सदका म्हणून देतो. जकातीचा मसला ज्यानं त्यानं आपल्या आलिमांना विचारावा. मला आवडतं ते हे, की त्या दिवशी माझा मूड कसा आहे, मी कुठला व्हिडिओ पाहिला, याच्याशी त्या तीनशे रुपयांचा काही संबंध नसतो. व्हिडिओ आला आणि दिल भरून आलं तर मी अजूनही देते. आधी दवाखान्यात फोन करून खातरजमा करते, एवढाच फरक.

तो मुलगा आता शाळेत येतो. रोज नाही. गॅरेजवाल्यांशी बोलून दुपारनंतरचं काम ठरलंय, पण लग्नसराईत गाड्या वाढल्या की तो दोन-दोन दिवस दिसत नाही. गेल्या आठवड्यात आला तेव्हा नखांत काळं ग्रीस होतं आणि अपूर्णांकांचा धडा मागे पडला होता. मधल्या सुट्टीत त्याला बसवून घेतलं. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, हे त्यानं माझ्याआधी सांगितलं.